पाळण्यातल्या दोन गाळण्या

चहाची गाळणी मी चोरली, हे मला कबूल आहे. खरं तर दोन चोरल्या. एक मंगळवारी, दुसरी शुक्रवारी. मधल्या दिवसांत सुधानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सगळं स्वयंपाकघर उपसून काढलं, तेव्हा मी तिच्या मागं मागं फिरून "फ्रिजमागं पाहिलंस का? मोरीत पाहिलंस का?" असं विचारत मदतही केली. (शोध लागेपर्यंत चोरानं शोधणाऱ्यांत सगळ्यात पुढं असावं, हे मी शाळेत मुलांकडून शिकलो.)

शाळेत म्हणजे, मी फिजिक्सचा मास्तर. इथं जबलपुरात, गोरखपूर नावाच्या मोहल्ल्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निवृत्त माणसानं निवांत बसावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मला बसता येत नाही. जन्मापासून येत नाही. खुर्चीत बसलो तरी उजवा पाय गुडघ्यापासून हलत असतो, टकटक, टकटक! सुधा म्हणते, "अहो, पाय हलवू नका, घरातली लक्ष्मी जाते." लक्ष्मी किती गेली ते माहीत नाही, पण दोन वर्षांत मी तीन घड्याळं, एक मिक्सर आणि दारावरची घंटा दुरुस्त करून कायमची बंद पाडली. घंटेचं तर असं झालंय, की पाहुणा बाहेर बटण दाबतो आणि आत बाथरूमचा दिवा लागतो. पाहुणे येतात, दिवा लागतो, कुणाला काही कळत नाही, पाहुणे जातात.

अशा माणसाच्या घरी नात जन्मली. तीन महिन्यांची झाली तेव्हा बारसं ठरलं. आणि आमच्याकडं बारसं म्हटलं, की सुमनआत्या.

सुमनआत्या माझ्या वडिलांची बहीण. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम गावातच, चेरीतालला. आमच्या निखिलला बहीण नाही, म्हणजे त्याच्या मुलीला सख्खी आत्या नाही. त्यामुळं माझीच आत्या आम्ही तिसऱ्या पिढीला वापरतो. माझ्या कानात माझं नाव तिनंच सांगितलं, निखिलच्या कानात निखिलचं तिनंच. नाव सांगून झालं, 'कुर्रर्र' झालं, की बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या पाठीत धपाटे घालावेत का, यावर घरात चर्चा झाली. आत्यानंच फोनवर निकाल दिला. "घाला नं. धपाटे नाही बसले तर नाव पक्कं होत नाही."

आणि आत्याकडं पाळणा आहे. लाकडी नव्हे, गायचा. आमच्या घराण्याचा स्वतःचा पाळणा. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं त्यात एक कडवं. जुनी कडवी तिच्या आत्यानं जोडलेली, माझ्यापासून पुढची तिनं. एकूण एकवीस. माझं कडवं असं:

वसंताच्या पायी भिंगरी, ठरेना एका जागी,
दोरी धरून आई त्याची रात्र सारी जागी.

(बाकीच्या मुलांच्या कडव्यांत चंद्र आहे, मोर आहे, कमळ आहे. माझ्यात तक्रार आहे.)

हा पाळणा कुठंही लिहिलेला नाही. आत्याच्या डोक्यात आहे, तेवढाच. आणि बारशानंतर तिसऱ्या दिवशी आत्या बेंगळुरूला मुलाकडं जाणार होती, कायमची.

मेघना, माझी सून, एका संध्याकाळी बाळाला थोपटत माझ्याजवळ आली. ती इथल्याच मराठी घरातली, मराठी सगळी समजते, पण बोलताना अर्ध्या रस्त्यात उतरून हिंदीची बस पकडते. म्हणाली, "पापाजी, तो पाळणा मला पाहिजे. आत्याजी चली जाएँगी, मग हिला कोण म्हणेल? मला नाही येत, आईंना नाही येत, किसी को भी नहीं आता."

हे ऐकून मला एकदम गलबलून आलं. एकवीस मुलांची नावं आणि सांभाळणारी एकच म्हातारी! मी म्हणालो, "रेकॉर्ड करू."

इथं अडचण होती. आत्या रेकॉर्ड करू देत नाही. काही वर्षांपूर्वी एका हळदीकुंकवात कुणी तरी तिचं गाणं मोबाईलवर घेऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर तिच्या रायपूरच्या जाऊबाईंनी फक्त एवढंच लिहिलं, "आवाज बसला वाटते." तेव्हापासून आत्या गाण्याआधी सगळ्यांचे मोबाईल मागून घेते आणि पिठाच्या डब्यात ठेवते. वर झाकण. मग गाते.

"मोबाईल नाही, तर माइक!" मी जाहीर केलं. "लपवलेले माइक. आणि ते मी स्वतः बनवणार."

निखिल म्हणाला, "बाबा, ओळखीचा एक रेकॉर्डिंगवाला आहे, त्याला विचारू का?"

"काहून? एकतीस वर्षं ध्वनी हा धडा शिकवला मी!"

"म्हणूनच तर विचारून राहिलो," निखिल म्हणाला. तो माझ्याच वर्गात होता.

माइक बनवणं अगदी सोपं असतं, असं इंटरनेटवर लिहिलं होतं. शर्टाच्या बटणाएवढी एक कॅप्सूल असते. शेंगदाण्याच्या पुडीच्या भावात मिळते. तिला बारीक तारा डाग देऊन जोडायच्या, एक सेल लावायचा, दोन-चार फुटकळ भाग लावायचे, झाला माइक. असे दोन करायचे, कारण माणसाला कान दोन. दोघांत दोन कानांएवढं अंतर ठेवलं, की ऐकणाऱ्याला आपण तिथंच बसलोय असं वाटतं. मी पहिला माइक बनवायला घेतला आणि साडेचार तासांत, फक्त दोन बोटं भाजून, तो तयार केला. रेकॉर्डर लावला, हेडफोन कानात घातले. आवाज आला, "घुंऽऽऽऽ."

सुधानं हेडफोन घालून पाहिले. "छान आहे. कोण आहे, भुंगा?"

तो भुंगा म्हणजे घरातल्या विजेच्या तारांचा गुणगुणाट. त्यावर उपाय असा, की कॅप्सूल धातूच्या बारीक जाळीत ठेवायची आणि जाळी तारेच्या आवरणाला जोडायची. आता घरात गोल, बारीक, स्टीलची, हातात धरायला दांडा असलेली जाळी कुठं असते, हे मी कशाला सांगू? भुंगा त्या क्षणी गेला! मला इतका आनंद झाला, की चहात पत्ती आली तरी मी चावून खाल्ली. गुरुवारी सुधानं नवी गाळणी आणली. दुसऱ्या माइकची सोय झाली.

मग जेवणाच्या टेबलावर दोन्ही माइक सुधाला दिसू नयेत म्हणून रुमालाखाली ठेवून पहिली चाचणी घेतली. कुकरच्या शिट्ट्या आल्या, शेजारच्या दुबे भाभींचा झाडू आला, सगळं कसं खणखणीत. आणि सगळ्याच्या मागं, सलग, टकटक, टकटक.

"हे दार कोण वाजवून राहिलं?" मी विचारलं.

"तुमचा पाय आहे बाबा."

तेव्हाच ठरवलं, की बारशाच्या वेळी माइकपासून लांब बसायचं. तार लांब घ्यायची आणि कोठीच्या खोलीत, लाडवांच्या परातींमागं, दार लावून ऐकायचं. माणसानं स्वतःचे दोष ओळखून योजना आखावी, म्हणजे चूक होत नाही, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

आता माइक लपवायचे कुठं? आत्या पाळण्याच्या उशाशी उभी राहून, दोरी हातात धरून गाते. म्हणजे पाळण्यातच लपवायचे! बाळाच्या वर रंगीत चिमण्या-पोपटांचं चिमणाळं टांगतात, त्यात. मी दोन्ही गाळण्यांना हिरवा रंग दिला, दांड्यांना लाल, त्या चोची झाल्या. कागदाचे पंख चिकटवले. डोळे काढले. तार झेंडूच्या माळेतून साखळीवर, साखळीवरून आढ्याच्या कडीपर्यंत, तिथून पडद्यामागून कोठीत. सगळं मेघनानं तीन तीन वेळा ओढून पाहिलं, बाळाच्या अंगावर काही पडणार नाही ना म्हणून. सुधा आली, पोपटांकडं बघत राहिली.

"अहो, हे पोपट आहेत की दोडके?"

"पोपट."

"तोंडावरून वाटत नाहीत," ती म्हणाली आणि चहा गाळायला फडकं शोधायला निघून गेली.

शनिवारी शेवटची चाचणी. पाळणा सजलेला, रिकामा. मी दोरी हातात घेतली आणि एक झोका देणार, तोच सुधा स्वयंपाकघरातून किंचाळली, "अहो! रिकामा पाळणा हलवू नये! एवढं पण कळत नाही?"

मी दोरी सोडली. रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे मलाही माहीत आहे. फिजिक्स शिकवलं तरी मी आईच्या हाताखालीच वाढलोय. मग स्तब्ध पाळण्यात डोकं घालून मला येतील तेवढी सगळी गाणी म्हटली. तेवढ्यात दुबे भाभी दह्याची वाटी परत द्यायला आल्या. (घंटा दाबली असणार. बाथरूमचा दिवा लागला असणार.) साठी उलटलेला माणूस रिकाम्या पाळण्यात तोंड घालून गातोय, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"भाईसाब, तबीयत ठीक है ना?"

"रियाज चल रहा है भाभीजी."

पण रेकॉर्डिंग! इतकं स्वच्छ आलं, की माझा आवाज किती वाईट आहे हे मला बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून उठून पोपट बघून येत होतो.

रविवारी सकाळी अकराला घर बायकांनी भरलं. सुमनआत्या आली. जरीची साडी, हातात काठी. मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदू काढल्यापासून तिचा तो जाड चष्मा गेलाय, पण माझ्या डोक्यातून तो गेला नव्हता. माझ्या दृष्टीनं तिला अजून दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. ती पाळण्याजवळ गेली, मान वर करून चिमणाळं बघत राहिली.

"वश्या, पोपट कुठून आणले रे?"

"बाजारातून, आत्या."

"अस्सं. छान आहेत." मग सगळ्यांकडं वळून म्हणाली, "चला, मोबाईल काढा."

अकरा मोबाईल पिठाच्या डब्यात गेले. डबा मीच कोठीत नेला, दार लोटून घेतलं, परातींमागं स्टुलावर बसलो, हेडफोन लावले आणि रेकॉर्डर चालू केला. बाळाचा श्वास ऐकू येत होता! बांगड्यांची किणकिण, दोघी बायकांचं साडीवरून बोलणं, सगळं डाव्या-उजव्या कानात नीट वाटून. मग आत्यानं घसा साफ केला. मेघनानं बाळाला पाळण्यात ठेवलं. आत्यानं दोरी ओढली आणि पाळणा सुरू झाला.

माझ्या कानात आधी आरोळी आली. मग वारं आलं, फूऽऽ. मग दूर कुठं तरी, पार नर्मदेपलीकडून आल्यासारखी, कुजबूज. मग पुन्हा वारं. मग पुन्हा आरोळी! आणि वर आढ्याची कडी, कुर्र, कुर्र.

दोन मिनिटं मला वाटलं, हेडफोन बिघडले. काढले, झटकले, पुन्हा घातले. "...पायी भिं..." फूऽऽ "...का जागी..." फूऽऽ "दोरी धरू..."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाळणा हलतो! ध्वनीच्या धड्याच्या बरोबर आधी आमच्या पुस्तकात सरल लोलक होता. टांगलेली वस्तू मागं-पुढं झोके घेते, मधोमध आली की तिचा वेग सगळ्यात जास्त. एकतीस वर्षं मी हा धडा दोरीला दगड बांधून शिकवला. आणि आता माझे दोन्ही माइक त्या दगडाच्या जागी होते! माणूस किती हाडाचा मास्तर असावा? मी घाबरून उठलो, आणि तशातही घड्याळ काढून दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजलं.

मग दार उघडून बाहेर आलो. पंधरा बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"जरा... हळू हलवा," मी म्हणालो.

"काहून?" आत्यानं विचारलं.

माइकचं सांगता येईना. "बाळ घाबरते."

सगळ्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. बाळ दात नसलेलं तोंड उघडून हसत होतं. "बारशाचा पाळणा आहे रे, कुणी आजारी थोडीच आहे," आत्या म्हणाली आणि तिनं पहिल्यापेक्षा मोठा झोका दिला.

मी कोठीत गेलो. सातवं कडवं गेलं, आठवं गेलं. प्रत्येक ओळीचं डोकं आणि शेपूट येत होतं, पोट गायब. मला स्टुलावर बसवेना. तेलाची बाटली आणि तेच स्टूल घेऊन पुन्हा बाहेर आलो. "कडी कुरकुरून राहिली, तेल घालतो," म्हणत बायकांच्या मधोमध स्टुलावर चढलो आणि तेल घालण्याच्या निमित्तानं साखळी गच्च धरून ठेवली. पाळणा थांबला. वा! आता गा, आत्या, गा!

आत्यानं गाणंही थांबवलं.

"गा नं आत्या, मी आपलं काम करून राहिलो."

"पाळणा थांबला की गाणं थांबते, वश्या. पाळणा उभा ठेवून कोणी पाळणा गाते का?"

म्हणजे पाळणा हलला तर गाणं येत नाही, आणि थांबवला तर ती गात नाही! मी वर आढ्याशी लटकलेला, हातातून तेल गळतंय, खाली दुबे भाभी साडीचा पदर सावरत म्हणतायत, "भाईसाब, पूड़ी तलनी है क्या यहाँ?" सुधानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी आपण होऊन उतरलो.

कोठीत परत. सोळावं कडवं. घाम. आणि तेव्हा मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात शास्त्रशुद्ध कल्पना सुचली. लोलक जिथं टांगलेला असतो, तिथं हालचाल शून्य! माइक खालून वर, कडीजवळ नेले, की झालं! तार तर माझ्याच हातात होती. मी दाराच्या फटीतून बघत, पडद्यामागून ती हळूहळू ओढायला लागलो.

बाहेर गाणं चालू होतं आणि एक हिरवा पोपट चिमणाळ्यातून सुटून स्वतःहून वर निघाला होता. बाळ त्याच्याकडं बघून चीत्कारलं. बायका म्हणाल्या, "अय्या, बाळ पोपट बघून राहिलं." मग बाळ तर पाळण्यात आहे आणि पोपट साखळीवर चढतोय, हे एकेकीच्या लक्षात यायला लागलं. एकविसावं कडवं संपता संपता तार झेंडूच्या माळेत अडकली. मी जरा जोर लावला.

पोपट सुटला. सुदैवानं पाळण्यापासून चांगला चार हात लांब, दुबे भाभींच्या मांडीवरच्या घुगऱ्यांच्या पातेल्यात पडला. चोच वर.

"हाय राम, भाईसाब का तोता मर गया!"

सुधानं पुढं होऊन तो चोचीला धरून उचलला. घुगऱ्या खाली गळल्या, पाणी खाली गळलं. तिनं अंगठ्यानं थोडा हिरवा रंग खरवडला. "ही तर माझी गाळणी! गुरुवारी आणलेली!" मग तिची नजर तारेवरून चालत निघाली, माळ, साखळी, आढं, पडदा, आणि शेवटी कोठीच्या दारात तारेचं टोक हातात धरून उभा असलेला मी.

सगळं घर हसत होतं. एकटी आत्या शांत होती, जणू बारशाला आढ्यातून गाळण्या पडतातच. "सुधा, त्याचं नंतर पाहू. आधी नाव."

पाळणा थांबवला. आत्या वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, पदर आडवा धरला. बराच वेळ कुजबुजली. मग "कुर्रर्रर्र!" बायकांनी धपाटे घातले, मोजून, हलक्या हातानं. एक धपाटा माझ्याही पाठीत बसला. तो हलका नव्हता आणि तो सुधाचा होता.

नातीचं नाव रेवा.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर निखिलनं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरला जोडलं. मी नको नको म्हणत होतो, पण मेघना रेवाला मांडीवर घेऊन समोर येऊन बसली होती. आरोळी, फूऽऽ, कुजबूज, फूऽऽ. एकवीस कडवी. एकही ओळ पूर्ण नाही. मधे माझा आवाज मात्र स्वच्छ: "गा नं आत्या, मी आपलं काम करून राहिलो."

मेघनानं रेवाला खांद्यावर घेतलं. मग माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "कोई बात नहीं पापाजी." त्यापेक्षा तिनं गाळणी फेकून मारली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. एवढी एक गोष्ट तिनं मागितली होती, आणि मी ती झोक्यावर घालवली.

निखिल बंद करायला उठला, तेवढ्यात स्पीकरमधून वारं थांबलं. कडी थांबली. पाळणा उभा राहिला होता. आणि आमच्या खोलीत, अगदी आमच्या कानाशी बसून बोलावं असा, सुमनआत्याचा आवाज आला. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढाच स्वच्छ, तोही उरलेल्या एका पोपटातून.

"रेवा. रेवा. रेवा. ऐकलं नं? आता दुसरं ऐक. हा जो तुझा आजा आहे नं, यानं तुझ्या डोक्यावर चहाच्या गाळण्या टांगल्या. त्याला वाटते, मला दिसत नाही. मला सगळं दिसते. पण बोलायचं नाही बाई, त्याला बरं वाटते. त्याच्यासाठी म्हणून आज एकवीसच्या एकवीस म्हटली, दम लागला तरी म्हटली. पण हलत्या पाळण्यात काय भरेल त्याचं गाणं? पाळणा हलत असते, एवढं शाळेत कोणी शिकवलं नाही वाटते त्याला. कुर्रर्रर्र!"

निखिल जमिनीवर बसून हसला. सुधा पदर तोंडाला लावून हसली. मेघनाला तर उचकी लागली. मी हसलो की काय, ते मला आठवत नाही. डोळे मात्र पुसत होतो. दम लागला तरी म्हटली! माझ्यासाठी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेरीतालला. आत्याच्या खोलीत अर्धी बांधलेली ट्रंक उघडी. मी दारातच उभा राहिलो, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"आलास? ये. ऐकलं का?"

"ऐकलं."

"मग?"

"आत्या, आणखी एकदा म्हणशील? मोबाईलवर घेतो, दोन मिनिटांचं काम."

"मोबाईल नको. तो रायपूरला जाते. पोपट आणले का?"

पोपट आणले होते. एकाला अजून घुगऱ्यांचा वास होता. मी दोन्ही ट्रंकेच्या कडेला बांधले, दोन कानांएवढं अंतर ठेवून, आणि आत्यासमोर खुर्चीत बसलो. आत्यानं माझ्या पायाकडं पाहिलं. टकटक, टकटक. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि पाट्यावरचा दगडी वरवंटा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

"आत्या, हे काय?"

"बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, बाळ स्थिर राहावं म्हणून. तुझ्या बारशाला ठेवला होता, पण काही उपयोग झाला नाही. आता पुन्हा पाहू." आणि तिनं तो माझ्या उजव्या मांडीवर ठेवला.

तासभर मी हललो नाही. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. पायाला मुंग्या आल्या, पण एकवीसच्या एकवीस कडवी आली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पोटासकट. शेवटी आत्या जरा थांबली, श्वास घेतला, आणि बाविसावं म्हणाली. नवीन. रेवाचं.

रेवाबाई पाळण्यात, वरती पोपट दोन,
चहा गाळती बिचारे, गाणं ऐकेल कोण?

आत्या बेंगळुरूला गेली. मेघनाला आता सगळा पाळणा पाठ झालाय. रोज दुपारी म्हणते, एकही हिंदी शब्द न घालता. मी शेजारच्या खोलीत ऐकत बसतो. आमच्या घराण्याच्या पाळण्यात आता बावीस कडवी आहेत, पैकी दोन माझ्यामुळं. एकात मी एका जागी ठरत नाही, दुसऱ्यात गाळण्या चोरतो. एकतीस वर्षं शिकवलेल्या फिजिक्सचा कुठंही उल्लेख नाही, आणि ज्यांनी माझा तास पाहिलाय ते म्हणतात, आत्यानं बरोबर केलं.